डाव्या चाकाची चावी

नाही रे, गिअरबॉक्स गेलेलाच नाही – तेच तर सांगतोय, क्लेटन. ये, आत ये, बूट पुसत बसू नकोस, इथली फरशी कोण बघतंय. मी असा ट्रॅक्टरखाली पडूनच बोलतो, राग मानू नकोस, हे कंबरडं एकदा उठलं की पुन्हा आडवं व्हायला कुरकुरतं, आणि थोडेच बोल्ट राहिलेत आवळायचे. मला तुझे बूट तेवढे दिसतायत इथून. नवे घेतलेस वाटतं? कॉफी थर्मासमध्ये आहे, ओतून घे. डोरिस नाहीये घरी – जत्रेत गेलीय, तिच्या मुरंब्याला यंदा तरी बक्षिसाची फीत मिळते का बघायला. अख्खं गाव तिकडेच आहे, सकाळपासून रस्त्यावर चिटपाखरू नाही. बरं झालं तू आलास, कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

तर तू म्हणालास, गिअरबॉक्स फुटला, भंगारात घाला. आणि तुझा काका – पाय टांगलेला, बरगड्या मोडलेल्या, तरी दवाखान्याच्या खाटेवरून गुरगुरतोय – व्हर्जिलनेच उघडायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ऑरिनपुढे कुणाचं चाललंय? तळ्याकाठचा तो उतार विकत घ्यायला माणसं आली होती नकाशे घेऊन, त्यांना त्याने कसं पिटाळलं, तू होतासच की तिथे, तुझंच तोंड उतरलं होतं. असो. मी उघडला. आधी ऑइल काढलं – म्हटलं, गिअरचे दात तुटले असतील तर तळाशी लोखंडाचा चुरा सापडेल. कुठला चुरा! मधासारखं स्वच्छ. तरी मन ऐकेना, सगळं पोट फाडलं त्याचं, एकेक गिअर धुऊन उजेडात धरला. डिफरन्शियल काढलं, त्यातले चारही छोटे गिअर नव्यासारखे. मला काही सुधरेना. शेवटी सगळं परत बसवलं, ब्रेक आवळून ठेवला आणि सहज उजवं चाक हाताने फिरवलं. आता बघ, ब्रेक लावलेला असताना एक चाक पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरतं, डिफरन्शियलचं कामच ते. पण डावं चाक ढिम्म! आणि त्या चाकाच्या आतला एक्सल मात्र फिरतोय, एकटाच, गपचूप. दुखणं अंगठ्याला आणि मी पोट फाडून बसलो होतो, बोल!

चावी नव्हती, क्लेटन. एक्सल आणि चाक यांच्या खाचेत बसते ना, बोटाच्या पेराएवढी चौकोनी लोखंडी चावी – ती डाव्या बाजूची नव्हतीच. आणि या ट्रॅक्टरचा ब्रेक काही चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्सवर असतो. एका बाजूची चावी नसली की डिफरन्शियल सगळं बळ त्या मोकळ्या बाजूला सोडून देतं – मग ना ट्रॅक्टर चालत, ना थांबत. पायाने ब्रेक कितीही दाब. बिचारा ऑरिन शेवटपर्यंत दाबत होता म्हणे, टेकाडावरून थेट तळ्याकाठच्या दगडांवर आदळेपर्यंत.

आता तू म्हणशील, पडली असेल. मीही तेच म्हटलं. पण चावीच्या बाहेर वॉशर, वॉशरच्या बाहेर लॉक, त्यावर टोपण – आणि हे तिन्ही जागच्या जागी! चावीला काय पाय फुटले? टोपणावर हातोडीच्या ताज्या खुणा आहेत. म्हणजे कुणीतरी काढली. तसं आपल्याकडे काढतातच, हिवाळ्यात ट्रॅक्टर ढकलत गोठ्याच्या कोपऱ्यात न्यायचा तर एका बाजूची चावी काढली की तो पोरांच्या गाडीसारखा सरकतो. पण काढली की माणूस काय करतो? तारेत ओवून स्टिअरिंगला बांधतो, म्हणजे पुढच्याने बसायच्या आधी बघावं. तुला तर ऑरिननेच शिकवलंय ते. इथे तारही नाही आणि चावीही नाही. आणि निघायला काय लागतं तिला, वसंतात मीच ग्रीस लावून बसवली होती, दोन बोटांनी सुटेल अशी.

आणि खरी गंमत पुढेच आहे, रात्रभर डोळा लागला नाही माझा. चावी नसलेला ट्रॅक्टर इंजिनाच्या जोरावर सपाटीलासुद्धा चालत नाही, मग ऑरिन त्यावर बसून टेकाडाच्या माथ्यावर गेला कसा? गेला, कारण तेव्हा चावी होती! काल मी दवाखान्यात जाऊन त्याला विचारलंच – वर गेल्यावर काय केलंस? म्हणाला, ट्रॅक्टर उताराकडे तोंड करून उभा केला आणि मधमाश्यांच्या पेट्या बघायला पलीकडे गेलो. परत आलो तर चाकाखाली वीट. म्हणाला, पोराला माझी किती काळजी बघ, घसरू नये म्हणून वीट लावून ठेवली. आणि मग वर बसून ऑरिननेच दाताळ्याच्या दांड्याने ती वीट ढकलून दिली. आता चावी असलेला ट्रॅक्टर ब्रेकवर तसाच उभा राहतो, त्याला वीट कशाला हवी? वीट त्यालाच लागते ज्याची चावी काढलीय. म्हणजे ज्याने चावी काढली त्यानेच वीट लावली, आणि माथ्यावर तेव्हा लिंबू-सरबत घेऊन आलेला तूच तर –

हं.

हा पान्हा नेमका आत्ताच निसटायचा होता.

क्लेटन? अरे, कॉफी घेतलीस का? घे ना. नाही, मी आपलं असंच बोलतोय, डोरिस म्हणतेच, तुमची जीभ एकदा सुटली की तिला ब्रेक नाही. रात्रभर झोप नाही, वय झालं, डोक्यात काहीही येतं. बघ ना, लॉक मीच वसंतात नीट बसवलं नसेल. हो, तसंच असणार. चावी माझ्याच हातून राहिली. मी ऑरिनला तसं सांगतो – तो शिव्या घालेल, गावात माझ्याकडे कुणी ट्रॅक्टर आणणार नाही, चालेल, म्हातारा झालोय, दुकान बंदच करायचंय. अजून कुणाला बोललो नाहीये मी. ऑरिनलाही नाही, त्याला नुसतं विचारलं. डोरिसलासुद्धा नाही.

शटर कशाला ओढतोस? राहू दे वर, खाली अंधार होतो मला. क्लेटन, ऐकतोयस ना? तिकडून फिरू नकोस, तिथे जॅक आहे, दुसऱ्या बाजूला माझा स्टँड मोडलाय, सगळा भार त्या एका जॅकवर आहे. मी येतोच बाहेर. थांब, कंबर... जरा वेळ लागतो मला. हात देतोस? नको, नको, तू आहेस तिथेच थांब.

जॅकपाशी का थांबलास रे?

हे बघ पोरा, मला भीती वाटतेय, खरंच सांगतो. पण ऐक. ती वीट ऑरिनने स्वतः काढली, तू नाही काढलीस. तो जिवंत आहे, शनिवारी घरी येतोय, तुझंच नाव घेत असतो. तुझ्या हातून अजून कुणी मेलेलं नाही, क्लेटन. त्या जॅकच्या दांड्यावरचा हात काढ.

क्लेटन, हात काढ –