फुगलेला यूपीएस आणि शेऱ्याचा रकाना

पुरवणी जबाब

नाव मूळ फिर्यादीत आहे तेच. इमारतीत सगळे मला मास्तर म्हणतात, मी एक दिवसही शाळेत शिकवलेले नसताना. वय ६३ वर्षे. धंदा : घरी संगणकावर पुस्तकांची अक्षरजुळणी. राहणार : दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार.

मी आज बुधवारी ठाण्यात हजर राहून आपखुशीने सांगतो की, सोमवारी मी दिलेली चोरीची फिर्याद मला मागे घ्यायची आहे. हा जबाब दुसऱ्यांदा लिहिला जात आहे. पहिला ठाण्याच्या संगणकावर घेत असताना सकाळी ११.२० वाजता वीज गेली आणि दीड पान जबाब गेला. ठाण्याने यूपीएस बसवावा, असे मी सुचवले. त्यावर हवालदार साहेबांनी, "जबाब द्यायला आलात की सल्ला द्यायला?" असे विचारले. आता ते हाताने लिहून घेत आहेत.

यूपीएस म्हणजे वीज गेल्यावर संगणक आठ मिनिटे जिवंत ठेवणारी पेटी. माझ्याकडे ती सहा वर्षे आहे. आमच्याकडे वीज दिवसातून तीन-चार वेळा जाते आणि असते तेव्हाही तिचा काही नेम नसतो. म्हणून मी टेबलावर व्होल्टमीटर ठेवला आहे आणि एक वही घातली आहे. तीत वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ, व्होल्टेज आणि शेरा असे रकाने आहेत. काम चालू असताना माझ्याशी कोणी बोलायचे नाही, असा घरात नियम आहे. पत्नीला काही सांगायचे असल्यास ती शेऱ्याच्या रकान्यात लिहिते आणि मी संध्याकाळी संगणक बंद करताना वाचतो. बत्तीस वर्षांच्या संसारात आमचे इतके सुरळीत कधी चालले नव्हते.

सोमवारी सकाळी दहाला मी छपाईची पाने पोचवायला गेलो. दीडला परत आलो, तेव्हा यूपीएस जागेवर नव्हता. पत्नी घरी नव्हती; ती तिच्या ताईकडे जाणार होती. टेबलाखाली सगळ्या वायरी गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या होत्या आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी होती : १ मॉनिटर, २ प्रिंटर, असे करत ७ संगणक. फिर्यादीत मी "वायरी उचकटलेल्या आढळल्या" असे लिहून दिले होते. ते खोटे आहे. इतक्या नीटनेटक्या वायरी माझ्या टेबलाखाली आजवर कधी नव्हत्या.

चिठ्ठ्यांवरचे अक्षर मी ओळखले. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ फक्त एकच माणूस देतो. तो पहिल्या मजल्यावर राहतो, वीज कंपनीतून निवृत्त झाला आहे आणि त्याला सगळे वायरमन म्हणतात. वीस वर्षे आम्ही रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत होतो. दोन वर्षांपूर्वी खेळता खेळता त्याचा हात माझ्या संगणकाला लागला आणि तो म्हणाला, "मास्तर, तुझ्या घरात अर्थिंग नाहीये. झिणझिण्या येत नाहीत का तुला?" मी म्हणालो, "येतात थोड्या, सवय झालीये. आणि तू काय शिकवतोस? जन्मभर खांबावर चढलास, म्हणून तर आमची ही दशा आहे." तो चहा अर्धा टाकून उठला. डाव तो जिंकत होता, हेही आज सांगतो. तेव्हापासून आम्ही जिन्यात भेटलो तरी भिंतीकडे बघून जातो.

पत्नीला फोन का केला नाही, असे हवालदार साहेबांनी विचारले. मला विचारायचे नव्हते, मला त्याला पकडायचे होते. मी दुपारी २.४० ला ठाण्यात येऊन संशयित म्हणून त्याचे नाव दिले. यूपीएसची मला किती गरज आहे याचा पुरावा म्हणून वही उघडून न पाहताच जमा केली.

आज सकाळी त्याला ठाण्यात आणण्यात आले. इमारतीतले सगळे गॅलरीत उभे होते. मीही होतो. तो मान खाली घालून गेला नाही, पण वरही बघितले नाही. हवालदार साहेब सांगतात की, ठाण्यात त्यांनी त्याला विचारले, "यूपीएस नेला का?" तो म्हणाला, "नेला." "का?" "तापला होता." "कोणाला विचारून?" "त्याला वही वाचायला सांगा." एवढेच बोलून तो बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. मग मला बोलावून घेण्यात आले.

हवालदार साहेबांनी माझ्यासमोर वही उघडली. सोमवारच्या शेऱ्यात पत्नीच्या हातचे असे आहे : "यूपीएसला जळका वास येतोय. खालच्या भावजींना बोलावलं. बॅटरी फुगलीय, पेटी खिडकीच्या पडद्याला टेकली होती, पेटलं असतं म्हणाले. खाली नेलाय, नवी बॅटरी घालून देतील. मी ताईकडे जातेय, गुरुवारी येईन. आमटी गरम करून घ्या. त्यांच्याशी नीट बोला." संगणक लावलाच नाही, म्हणून बंद केला नाही, म्हणून मी शेरा वाचला नाही.

नंतर हवालदार साहेबांनी मागची पाने उलटली. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मुलीकडे नऊ दिवस होतो. त्या नऊ दिवसांच्या नोंदी वहीत आहेत, अगदी मिनिटांपर्यंत. त्या पत्नीने केल्या असे मी समजत होतो. ती व्होल्टमीटरला हात लावत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्या पानांवर सातच्या प्रत्येक आकड्याला मधोमध रेघ आहे. एका दिवशी शेऱ्यात लिहिले आहे : "आज वीज गेलीच नाही. मास्तरला सांगून पटायचं नाही."

इथे मी पाणी मागितले व ते देण्यात आले.

यूपीएस चोरीस गेलेला नाही. वायरमन याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. मी सूड म्हणून त्याचे नाव घेतले, त्याची मला लाज वाटते. त्याचे नाव ठाण्याच्या कागदावर राहू नये अशी विनंती आहे. राहायचेच असेल तर माझे खाली लिहावे.

वीज ११.४७ ला आली. वही इथे जमा असल्यामुळे नोंद याच कागदावर करावी.

वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. तो वाचताना खोलीचे दार उघडे ठेवावे आणि बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचावा, अशी विनंती मी केली व ती मान्य झाली. वाचून झाल्यावर बाकड्यावरून आवाज आला, "सगळं बरोबर आहे, साहेब. फक्त अर्थिंगचं अजून बाकी आहे. तेही त्याच्याकडून लिहून घ्या."

लिहून देतो की, आज संध्याकाळी पाच वाजता घरात अर्थिंग करून घेईन. पट मांडून ठेवतो. चाल त्याची आहे.

समक्ष सही.