कोपऱ्यातली उडी

...आणि वर मलाच विचारतात, "आजोबा, तुम्हाला या व्हिडिओ गेममधलं काय कळतं?" अहो, कळायचंय काय त्यात? तुम्हाला सांगतो, पडद्यावर दोन माणसं एकमेकांना बडवतात, डोक्यावर प्रत्येकाच्या लाइफची एक पट्टी असते, मार बसला की ती आखूड होते, आणि ज्याची आधी संपली तो आडवा; घड्याळच आधी संपलं, तर ज्याची पट्टी लांब तो जिंकला. शाळेत मी फार गेलो नाही, पण एवढं कळायला शाळा कशाला लागते?

न कळण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आमची नात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवते, एखादं गिऱ्हाईक दुकानातल्या सगळ्या फ्रेमी लावून शेवटी पहिलीच घेऊन गेलं तरी कपाळाला आठी नाही, इतकी शांत पोर. पण संध्याकाळी तो कंट्रोलर हातात आला आणि समोरच्यानं रेटत रेटत पडद्याच्या कडेला नेलं, की धीर गेलाच म्हणून समजा. कोपऱ्यात सापडली की मारलीच उडी.

आता तिथे उडी मारू नये हे मलासुद्धा कळतं. खाली बसावं, मार अडवत राहावं, समोरचा चुकला की निसटावं. पण हिला वाटणार, याच्या डोक्यावरून पलीकडे जाऊ. पलीकडे कुठली जाते? तो खाली उभाच असतो, वर एक ठोसा घालतो, आणि ही पुन्हा त्याच कोपऱ्यात धप्पदिशी.

हे खेळणारे सगळे जिथे जमतात त्याला क्लब म्हणतात. क्लब म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, पडदे ओढलेले, मोज्यांचा वास, आणि कमावती, टक्कल पडायला लागलेली माणसं ओळीनं बटणं बडवतायत. ते चालवतो त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याला जिंकताना कुणी पाहिलेलं नाही, पण फळ्यावर बाण मात्र फार सुंदर काढतो. मला म्हणाला, "आजोबा, ही हॅबिट आहे. मोडायला पाहिजे." अरे, मग मोड की बाबा! तर म्हणे, ते ज्याचं त्यानंच करायचं असतं. मग तू कशाला आहेस, पंखा चालू-बंद करायला?

आणि तो दातांचा डॉक्टर. गळ्यात टॉवेल टाकून बसतो, जसा काही कुस्तीलाच उतरलाय. हा आमच्या पोरीशी खेळतच नाही, नुसता वाट बघतो. कोपऱ्यात न्यायचं आणि थांबायचं. ती उडाली की ठोसा, आणि ती खाली पडायच्या आत याचा हात चहाच्या कपाकडे. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाला, हिच्याशी खेळताना माझे मेसेज वाचून होतात. लोक हसले. ही पण हसली... ते हसणं मला बघवलं नाही.

घरी चिरंजीव, म्हणजे तिचे वडील. त्यांचं एकच, हा काय खेळ आहे का? आणि स्वतः? सूनबाईनं बोलता बोलता जरा अडचणीत आणलं की लगेच उठणार, "टाकी भरली का बघून येतो." टाकी कधीची भरलेली असते. पोरीनं आणखी कुणाकडून घ्यावं हे? सगळं खानदानच तसलं, कोपऱ्यात सापडलं की मारलीच उडी.

तर मोठ्या स्पर्धेसाठी क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरली होती. डॉक्टरला हरवलं तर हिची, नाही तर त्याची. ती मला म्हणाली, "आजोबा, या वेळी नाही जमलं तर मी खेळणं सोडणार." रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. पण चष्मा पुसत पुसत म्हणाली. म्हणजे खरंच सोडणार.

मग तिनं दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला. म्हणाली, हे एकच बटण, मी कोपऱ्यात उभी राहते, उडाले की दाबा. दाबलं की माझा पैलवान वर ठोसा घालणार, सरळ तिच्या हनुवटीवर. आता सांगा, माझ्या मांडीवर वाढलेली पोर, बोट धजावतं का? दाबलंच नाही मी. तर म्हणते, "आजोबा, माया नको, ठोसा घाला." घातला. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी मी नातीला बडवत होतो, आणि मग दोघं मिळून ताटं घेत होतो. आणि सुधारली हो. बसून राहायला लागली. मी खूश.

क्लबात गेली, डॉक्टरनं कोपऱ्यात घेतलं, आणि मारलीच उडी.

येताना रस्त्यात सांगते, "घरी मार बसणार हे ठाऊक असतं, म्हणून बसते. तिथे वाटतं, या वेळी सुटेन." घ्या. म्हणजे उडीची सवय सुटलीच नव्हती, फक्त म्हाताऱ्याची भीती बसली होती.

मग तिनंच नवा नियम काढला. मी कधी दाबायचं, कधी नाही, माझी मर्जी. पण कोपऱ्यातून उडी मारली, की ती जमली तरी डाव हरली. कंट्रोलर खाली ठेवायचा. अहो, माझ्या डोक्यावरून पलीकडे जायची, मला लोळवायच्या बेतात असायची, आणि ओठ चावून कंट्रोलर खाली. चिरंजीव दारातून बघत म्हणायचे, "जिंकत होती ना? मग हरली कशी?" मी म्हटलं, तुम्ही टाकी बघा.

सामन्याच्या दिवशी मी तिच्या मागच्या खुर्चीत. एक फेरी तिची, एक त्याची. शेवटच्या फेरीत दोघांच्या पट्ट्या संपत आलेल्या, हिची केसभर जास्त, आणि डॉक्टरनं तिला नेलीच कोपऱ्यात. नेली आणि थांबला. तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेलेल्या मला दिसल्या. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून मनात म्हणतोय, बस गं बाई, बस... टाचा हळूच खाली टेकल्या. ती बसून राहिली. डॉक्टर वाट बघतोय, ही बसलीय. त्याला पुढे येऊन मारायला कुणी अडवलं होतं? पण वर्षभर तो हिच्या उडीवरच जगलेला, दुसरं काही करायचं असतं हे विसरूनच गेला होता गडी. एकदा तर राहवलं नाही म्हणून त्यानं रिकाम्या हवेत ठोसा घातला. पडद्यावर वरचं घड्याळ उतरत होतं. सगळी खोली उभी राहिली, आणि पडद्यावरचे दोघं मात्र बसची वाट बघावी तसे स्वस्थ. वेळ संपली. केसभर पट्टीनं आमची पोर जिंकली.

डॉक्टर म्हणाला, ही काय जिंकायची पद्धत झाली? टॉवेल तोंडावर घेतला, म्हणून पुढचं ऐकू आलं नाही.

मास्तरनं टीममध्ये नाव घेतलं, आणि तिथल्या तिथे फळ्याकडे वळून बाण काढायला लागला. काय, तर आता ही कोपऱ्यात बसूनच राहते, संधी आली तरी बाहेर पडत नाही, ही नवीन हॅबिट, आणि मोठ्या स्पर्धेत लोक हिला बसल्या जागी उचलून आपटतील.

घरी आल्यावर ती हसत हसत माझ्या शेजारी येऊन बसली, कंट्रोलर पुढे केला, माझा अंगठा धरून दुसरीकडे ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, आता हे बटण. बसले की उचलून आपटा." या वयात, तुम्हाला सांगतो, दुसरं बटण.