पहिला मान कस्टमचा

...आणि वर मलाच म्हणतात, "हरिश्चंद्र, तू जळतोस!" तुम्हाला सांगतो, जळत नाही हो मी! पण मिरजोळ्याच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात सोळा वर्षं तक्रारींची वही कोणी सांभाळली? मी! कुठल्या गिऱ्हाइकाचा पंप कितीदा बंद पडला, तोंडपाठ! आणि दोन हजार चार साली पुण्याहून शिकून आला तो शार्दूल, चोवीस वर्षांचा, मला "काका" म्हणतो... मी बेचाळीसचा, काका! त्यानं माझी वही मिटली आणि तक्रारी कॉम्प्युटरवर घेतल्या. प्रत्येक तक्रारीला नंबर, कोण बघतोय, मिटली की नाही, सगळं पडद्यावर. साहेब खूश! आमची बायको कुसुम तर विचारूच नका, एकदा तो घरी आला तेव्हापासून... "किती नम्र हो शार्दूल!" म्हटलं, वाढ त्याला आणखी दोन घावने!

बरं, साहेब म्हणाले, "शुक्रवारी मुंबईचे डायरेक्टर येणार, ते तक्रार नोंदवायचं पान कुणीतरी नीट मराठीत करा." म्हटलं, मी करतो! पानाचा साचा असतो, टेम्प्लेट म्हणतात, तो शोधला, 'डिफॉल्ट' नावाच्या फोल्डरात सापडला, म्हणजे प्रोग्रॅमबरोबर मूळचं आलेलं असतं त्यात. तीन दिवस बसलो, काय ते मराठी! 'पंप रुसला का? कधीपासून?' आणि खाली बारीक अक्षरात, अगदी बारीक हं, 'मांडणी : हरिश्चंद्र'. साहेबांनी एकदा ते वाचावं, एवढंच पाहिजे होतं हो मला! पान उघडतो तर... शार्दूलचंच जुनं पान! अक्षरं मोठी केली. शार्दूलचं. लाल केली. शार्दूलचं! कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पडदा पुसला, हात जोडले... शार्दूलचं!!

शेवटी गेलो त्याच्याकडे. जीव नको म्हणत होता तरी गेलो. तर हा हसून, "काका, शेजारी 'कस्टम' फोल्डर आहे ना, आपण स्वतः केलेल्या फायलींचा, प्रोग्रॅम आधी तिथे बघतो. तिथे त्याच नावाची फाइल मिळाली की डिफॉल्टकडे वळतच नाही. माझी आहे ना तिथे!"

ऐकलंत? अहो, शिमग्यात पालखी आधी मानकऱ्याकडे जाते, कबूल! पण नंतर आमच्या दारात येते की नाही? हा प्रोग्रॅम मानकऱ्याकडे जेवतो आणि तिथेच झोपतो! आणि साहेबांचं तरी काय वेगळं? आधी "शार्दूल कुठाय?" तो हातखंब्याला गेला असला तरच, "बरं... हरिश्चंद्र आहे का?" सोळा वर्षं राबलो आणि आता डिफॉल्टात पडलोय! जळत नाही हो मी, पण डिफॉल्टात!

त्याची फाइल उडवायचा विचार आला, खोटं कशाला बोलू? गुरुवारी तो जेवायला गेल्यावर बोट बटणापर्यंत नेलंसुद्धा. पण घरी कुसुमला काय तोंड दाखवणार, म्हणून घेतलं मागे.

शुक्रवारी डायरेक्टर बसले, शार्दूलनं पान उघडलं आणि... 'पंप रुसला का?' माझं! लालभडक, ही एवढाली अक्षरं, बारीक ठेवलेलं नावसुद्धा नारळाएवढं! मेल्यानं आपली फाइल काढून माझी कस्टममध्ये नेऊन ठेवली होती, आपल्या हातानं! डायरेक्टरांनी नाव मोठ्यानं वाचलं. मी उठायला म्हणून कॉलर सरळ केली हो... तेवढ्यात साहेब उठले, शार्दूलच्या पाठीवर थाप, "बघा सर, स्वतःचं काढून दुसऱ्याला जागा देतो! काय मोठं मन!" आणि टाळ्या! कोणाला? मोठ्या मनाला!

घरी येऊन कुसुमला सगळं सांगितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. म्हटलं, चला, निदान हिला तरी... तर म्हणते, "रविवारी जेवायलाच बोलवा हो त्याला!"

आता पान माझं, नाव माझं, फोल्डरसुद्धा कस्टम... जळू तरी कशावर? तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही मेल्यानं!