मुसळ आणि हात

कुमासीच्या दवाखान्यात आफ्रिये नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी फुफूची खाणावळ चालवणाऱ्या दोघी बहिणी होत्या. धाकटी कोनादू मुसळाने कसाव्याचे उकडलेले कंद कांडायची आणि दोन घावांच्या मधे थोरली सेरवा उखळात हात घालून फुफूचा चिकट गोळा फिरवायची.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" कोनादूने बहिणीला विचारलं.

"डोळे मिटून हात खांद्याएवढा वर धरायला लावला. उघडून बघते तर वीतभर खाली!"

"पण निखळलेला खांदा बसला ना? दुखत तर नाही."

"दुखत नाही गं. हात कुठे आहे, तेच खांद्याला कळत नाही."

"म्हणजे शनिवारी मुसळ तुझ्या बोटांना घासून गेलं..."

"मला वाटलं, हात बाहेर आलाय. म्हणून तर 'हं' म्हणाले."

"आणि शिव्या मला घातल्यास! ताल चुकला म्हणून!"

"ओरडू नकोस. उद्यापासून बघून फिरवीन."

"गिऱ्हाइकांशी गप्पा मारत फिरवणारी तू! बघेपर्यंत मुसळ खाली येतं, ताई."

"मग तू बघ. हात दिसला की थांब."

कोनादूने सेरवाचा हात आपल्या हातात घेतला.

"तुझा हात मी कधी बघितलाच नाही, ताई. अठरा वर्षं तू 'हं' म्हणतेस आणि मी मुसळ हाणते."