गोल झाला, मी म्हणालो

आमी मूळचे आष्ट्याचे. वडील गवंडी, पन मी विटा-सिमेटात कवा रमलो न्हाई, बारावी नापास झालो आन् मामाच्या फोटो स्टुडिओत शिरलो, तवापास्नं लग्नाचं शूटिंग करतोय. लग्नात एक शिस्त असती बगा, नवरानवरी ऱ्हाऊ द्या, मोठा पाव्हणा मांडवात आला की कॅमेरा पयला त्याच्यावर. फेटा, शाल, नारळ, समदं आलं पायजे. चुकलं तर पोरीचा बाप जन्मभर बोलून दावतो.

सासुरवाडी मिरजंची. मेव्हणा पेठेच्या संघातनं फुटबॉल खेळायचा आन् आमी काठावरनं घसा फाडायचो. काय सांगू तुमास्नी, आमी म्याच बगायला जातच न्हवतो, रेफरीला शिव्या घालायला जायचो. रेफरी म्हंजे सुभेदार, मिल्टरीतनं रिटायर, शिट्टी मारली की मारली. एकदा सेमीफायनलला मेव्हण्याला पाडलं तरी पेनल्टी दिली न्हाई. तवापास्नं इकला गेलाय त्यो, समोरच्यांच्यात चहा पितो, असं आमी चौकाचौकात सांगत सुटलो. आवं, त्याला शुगर, चहाच पीत न्हवता त्यो.

मग गेल्या साली स्पर्धेच्या कमिटीनं ठरवलं, टीव्हीवर असतंय तसं गोलजवळ कॅमेरा लावायचा. कॅमेरावाला कोण, तर मी. सुभेदारानं हरकत घेतली न्हाई. म्हणाला, कॅमेरा सांगंल ते मान्य, फकस्त चुकलो तर मला दावा.

फायनल झिरो-झिरो, शेवटची दोन मिन्टं, आन् प्रमुख पाव्हण्यांची गाडी मैदानात शिरली. हलगी वाजली आन् माजा हात आपोआप वळला की. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, समदं झकास टिपलं, तवर पाठीमागं एकच कल्ला. मेव्हण्यानं मारलेला बॉल वरच्या दांडीला लागून खाली पडलावता. आमची पोरं म्हणत्यात रेषेच्या आत, सुभेदार म्हणतोय भाईर.

कॅमेरा बगा, कॅमेरा बगा! सुभेदार सोता चालत आला, म्हणाला दाव गड्या. मागं सगळी पेठ. आन् माज्याकडं काय, तर पाव्हण्याचा फेटा! हे कळलं असतं तर आमच्याच पोरांनी मला तितंच गाडला असता. मी स्क्रीन छातीला धरली आन् म्हणालो, गोल हाय, सपष्ट आत हाय.

पुढं सुभेदाराला बगायला सवडच मिळाली न्हाई. गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीनंच वढला त्याला, खाली पाडून त्याच्या गुडघ्यावर नाचली पोरं. मी हललो न्हाई. बरं वाटत हुतं, खोटं कशाला बोलू. कप आमाला मिळाला. घरी जाऊन मी म्याच पुसून टाकली, सत्कार तेवढा ठेवला, पाव्हण्यांस्नी द्यायचा हुता.

तीन म्हैन्यानं सुभेदार काठी टेकत स्टुडिओत आला. मला वाटलं, आता हानतोय. तर म्हणाला, पोरा, एकदा दाव, मी डोळ्यांनी बगितल्याबिगर कवा शिट्टी मारली न्हाई, मला बॉल भाईर दिसला, डोळं दगा द्यायला लागलं का काय ते बगायचंय. मी म्हणालो, कार्ड खराब झालं, पन आत हुता ओ, मी बगितलाय. त्यानं पानी मागितलं.

परवा पेठेत कपाची पूजा हुती. सुभेदार आला. बोलावलं न्हवतं कुणी. समद्यांम्होरं मेव्हण्याला हात जोडलं, म्हणाला तुजा गोल मी खाल्ला, मला माफ कर. पोरं हसली, कुणीतरी शिट्टी मारली. मी शूटिंगला हुतोच, जवळनं घेतलं, जोडलेलं हात, डोळ्यातलं पानी, समदं आलंय. जाताना माज्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, तू तेवढा खरं बोललास, बरं हुईल तुजं.

आन् झालंय की बरं. औंदाबी कॅमेरा माजाच हाय. त्या माफीचं शूटिंग तेवढं जपून ठेवलंय. दावू?