पाण्यातला इस्तू

माझं लग्न जमलं ते निजामाच्या राज्यात. मी मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होतो, फुटलेली जहाजं पाण्याखालीच विजेनं जोडायचो. पाटोद्याला मुलगी बघायला गेलतो, तर तिचे वडील म्हणाले, "पाण्यात इस्तू पेटतोच कसा?"

मी तांब्यात कोरडा रुमाल कोंबला, तांब्या पालथा करून हौदात दाबला आणि वर काढला. रुमाल कोरडाच!

"तांब्यातल्या हवेनं पाणी अडवलं. विजेच्या ठिणगीभोवती असाच बुडबुडा धरतो. पाणी लांब राहतं आणि लोखंड वितळून चिकटतं."

दाराआडून मुलीनं विचारलं, "ती वीज तुमच्या अंगावर न्हाई का येत?"

"येती कधी कधी. दात झिणझिणतात. लई भ्या वाटतं."

आता नकार येणार, असं मी धरूनच चाललो.

"आबा," ती म्हणाली, "भ्या वाटतं म्हंजे जपून उतरत असतील. हो म्हणा."