एल्मरचा रिकामा गोठा

सकाळी आठला वजनकाटा बंद पडला आणि गव्हाच्या ट्रकांची रांग जागीच थांबली. डोरीन आपल्या ट्रकमध्ये बसून होती; पुढचा ट्रक ऑरेस्टचा, आणि त्याच्यापाशी त्याची शेजारीण, म्हातारी हिल्डा, बोलत उभी होती.

“गाई विकल्या, पण आमच्या म्हाताऱ्याच्या, एल्मरच्या, ध्यानात राहील तर ना! रात्री उठून गोठ्यात जातो. म्हणतो, वासरं आईपासून तोडायचे दिवस आले, मग हंबरणं कसं नाही?”

“एवढ्या थंडीत?”

“अनवाणी, बाबा.”

“काकू, माझी वासरं उद्या तोडतोय. तुमच्या गोठ्यात आणून कोंडू?”

“मेल्या, डोळ्याला डोळा लागेल का?”

“काकांचा लागेल.”

“आणि चार दिवसांनी वासरं गप्प झाली की मग?”

काटा सुरू झाला. पाळी ऑरेस्टची होती. तो तिथेच उभा राहिला, आणि डोरीनने भोंगा वाजवला नाही.